मंजूर, कार्यरत, रिक्त

संध्याकाळी कळंब्याच्या तळ्यावरून गार वारा सुटतो. गुरे घरी येतात. धारा काढून होतात. मग आमच्या वर्गाला एकेक माणूस येऊ लागते. कोणी शेतावरून येते, कोणी कोल्हापुरात धुणीभांडी करून येते, कोणी गवंड्याच्या हाताखालचे काम संपवून येते. हातपाय धुऊन मंडळी बसतात आणि वही उघडतात.

एके दिवशी वर्गातल्या एका आजींनी वही उघडलीच नाही. नुसत्या बसून राहिल्या. आम्ही विचारले, "आजी, बरे नाही का?"

"मला काय धाड भरलीया! एक इचारू का गुरुजी?"

"विचारा की."

आजींची लेक गगनबावड्याच्या बाजूला एका वाडीत दिली आहे. दिवाळीला नातू आला होता. चौथीत आहे. आजी नुकत्याच वाचायला शिकल्या, तेव्हा हौसेने नातवाला म्हणाल्या, चल, दोघे मिळून वाचू. नातू अडखळला. जोडाक्षर आले की थांबला. आजींनी विचारले, "का रं, गुरुजी शिकवत न्हाईत व्हय?"

नातू म्हणाला, "शिकवत्यात की. पर आमचं गुरुजी दुसरीला शिकवत असत्यात."

"आणि तवर तुमी?"

"आमी लिवत बसतो."

"चार वर्गांना एकच मास्तर," आजी म्हणाल्या. "आता मला सांगा, दुसरा मास्तर गेला कुठं?"

वर्गात गलका झाला. एक शेतकरी म्हणाले, "मास्तरांचं काय सांगता! पगार बगा आणि काम बगा. फटफटीवरनं येत्यात, फटफटीवरनं जात्यात." दुसरे एक जण म्हणाले, "आमच्या पाव्हण्यांचा पोरगा शिक्षक हाय. त्येला विचारा पगार किती ते. सांगायची लाज वाटती त्येला."

दोघेही खरे बोलत होते. म्हणून त्या दिवशी ठरलेला धडा आम्ही बाजूला ठेवला. हा धडा त्या संध्याकाळचा आहे.

आधी हिशेब करू. हिशेब आपल्याला येतो. शाळेत गेला नाहीत तरी दुधाचा आणि उसाचा हिशेब तुम्ही करतच होता.

मुलांच्या शिक्षणाचा हक्क सांगणारा एक कायदा आहे. तो २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात म्हटले आहे, की पहिली ते पाचवीच्या मुलांना वर्षात २०० दिवस शाळा हवी आणि ८०० तास शिकवणे हवे. २०० दिवसांत ८०० तास म्हणजे रोजचे किती? चार तास. बरोबर.

वाडीतल्या शाळेत पहिली, दुसरी, तिसरी, चौथी अशा चार इयत्ता आहेत. शिक्षक एक. तर एका इयत्तेच्या वाट्याला रोज एक तास आला. त्या एका तासात भाषा, गणित, इंग्रजी आणि बाकीचे विषय. म्हणजे एका विषयाला पाव तास. पाव तासात चहासुद्धा नीट होत नाही. उरलेले तीन तास मूल काय करते? "लिवत बसते."

आता तिथे दोन शिक्षक आहेत असे धरा. एकाकडे दोन इयत्ता आल्या. प्रत्येक मुलाला एका तासाचे दोन तास झाले. दुप्पट झाले. शाळेची इमारत तीच, फळा तोच, मुले तीच. फक्त एक माणूस वाढला.

म्हणून कायदा सांगतो, की पाचवीपर्यंतच्या शाळेत ६० पर्यंत मुले असली तर दोन शिक्षक हवेत. ६१ ते ९० मुले असली तर तीन. ९१ ते १२० असली तर चार. आजींना हे सांगितले तेव्हा त्या बोटे मोजत म्हणाल्या, "म्हंजे आमच्या वाडीला दोन पायजेत."

हो. दोन पाहिजेत.

आणि तो जो एक शिक्षक आहे, त्याचे चार तास तरी पुरते मुलांचे असतात का? सकाळी तो कुलूप काढतो. खिचडीचा तांदूळ मोजून देतो, त्याची नोंद करतो. हजेरी भरतो. वरून फोनवर निरोप येतो, की अमुक माहिती आजच पाठवा. वाडीत फोनला रेंज नसते, तेव्हा तो टेकाडावर जाऊन उभा राहतो. मतदारयादीचे काम असते. केंद्रावर बैठक असते. बैठकीला गेला तर शाळा कोणी उघडायची?

कायद्याने शिक्षकाला फक्त तीन जातीची बाहेरची कामे सांगता येतात. दर दहा वर्षांची जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचे काम. पंचगंगेला २०१९ साली आणि २०२१ साली महापूर आला, तेव्हा शाळांतून पूरग्रस्तांना ठेवले होते. अशा वेळी शिक्षकाने शिकवायचे सोडून मदतीला जावे, यात कोणाचे दुमत नाही. पण रोजचे कागदी काम हा काही पूर नव्हे. तरी तो दरवर्षी चढतोच आहे.

आता पगाराकडे येऊ. आमच्या शेतकरी दादांचे म्हणणे पगारावरच होते.

सगळ्या शिक्षकांना एकच पगार असतो, असे आपल्याला वाटते. तसे नाही. एकाच बाजारात एकच भाजी चार भावांनी विकावी तसा प्रकार आहे.

एक असतो कायम शिक्षक. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या प्राथमिक शिक्षकाचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे २९,२०० रुपयांपासून सुरू होतो. त्यावर महागाई भत्ता असतो. नोकरी जुनी होईल तसा पगार वाढतो. दादा ज्यांना फटफटीवर पाहतात ते हे. त्यांचा पगार बरा आहे. तो बराच असावा. आपल्या मुलाचा पाया ज्याच्या हाती, त्याला पोटाची काळजी नसावी.

दुसरा असतो शिक्षण सेवक. ही पद्धत महाराष्ट्रात २००० सालापासून आली. नवा शिक्षक पहिली तीन वर्षे पगारावर नसतो, मानधनावर असतो. काम तेच, जबाबदारी तीच. सुरुवातीला प्राथमिकच्या सेवकाला महिना ३,००० रुपये मिळत. पुढे ६,००० झाले. त्यावर कितीतरी वर्षे गेली. त्या पैशात घरभाडे, खानावळ आणि पेट्रोल कसे भागवायचे, हे ज्याचे त्यालाच माहीत. जानेवारी २०२३ पासून हे मानधन १६,००० रुपये झाले. शेजारच्या वर्गातला कायम शिक्षक आणि हा, दोघे एकाच घंटेला आत जातात आणि एकाच घंटेला बाहेर येतात.

तिसरा असतो विनाअनुदानित शाळेतला शिक्षक. हा शब्द मोठा आहे, पण अर्थ सोपा आहे. अनुदान म्हणजे सरकारने शाळेला दिलेले पैसे. ते नाहीत ती विनाअनुदानित शाळा. २००१ साली सरकारने अशा शाळांना 'कायम विनाअनुदानित' म्हणून परवानगी द्यायला सुरुवात केली. म्हणजे शाळा काढा, पण आमच्याकडे पैसे कधी मागू नका. संस्थांनी शाळा काढल्या. मुले आली, शिक्षक नेमले. पगाराचे काय? २००९ साली 'कायम' हा शब्द काढला. पुढे २०१६ साली पात्र शाळांना २० टक्के अनुदान द्यायचे ठरले. मग टप्प्याटप्प्याने थोडेथोडे. त्या टप्प्यांसाठी शिक्षकांना मुंबईला आझाद मैदानावर पुन्हा पुन्हा जाऊन बसावे लागले.

आमच्या ओळखीचे एक शिक्षक अशा शाळेत होते. गाव आणि शाळा सांगत नाही. पहाटे ते दूध घालत, मग आंघोळ करून शाळेत जात. सायंकाळी दुसऱ्याच्या रानात पाणी पाजायला जात. गणित इतके चांगले शिकवत, की पोरे सुट्टीतही त्यांच्या दारात. त्यांच्या लग्नाच्या बोलणीला आम्ही गेलो होतो. मुलीच्या वडिलांनी विचारले, मुलगा काय करतो? शिक्षक आहे, असे सांगितले. सगळ्यांना बरे वाटले. मग विचारले, पगार? आमच्यापैकी कोणालाच तोंड वर करता येईना. चहा निवून गेला. ती सोयरीक जमली नाही.

चौथा शिक्षक गावाने ठेवलेला. शिक्षक नाही म्हणून गाव वर्गणी काढते आणि गावातल्याच शिकलेल्या मुलीला दोन-चार हजारांवर शाळेत बसवते. अशा मुली मन लावून शिकवतात, हे आम्ही पाहिले आहे. गावाचे मनही चांगले असते. पण आमचे मत विचाराल तर, यात एक खोट आहे. गावाने भोक बुजवले, की वरच्या माणसाला ते दिसत नाही. वर्गणी काढा, पण अर्ज करायचे थांबवू नका.

शिक्षकाच्या पगाराचा प्रश्न आजचा नाही. १८८२ साली, म्हणजे इंग्रजांच्या राज्यात, शिक्षणाची चौकशी करायला हंटर साहेबांचा आयोग आला होता. पुण्याहून महात्मा जोतीराव फुले यांनी त्या आयोगापुढे आपले म्हणणे लेखी मांडले. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८४८ पासून शाळा चालवल्या होत्या. त्यांना आतली गोष्ट ठाऊक होती. प्राथमिक शाळेच्या शिक्षकाला महिना १२ रुपयांपेक्षा कमी देऊ नका, असे त्यांनी सांगितले. मोठ्या गावात १५ ते २० रुपये द्या. शिक्षक शिकवण्याची तालीम घेतलेला हवा आणि होता होईल तो शेतकरी वर्गातला हवा, म्हणजे तो लोकांत मिसळेल, त्यांची गरज ओळखेल. आणखी एक सूचना त्यांनी केली. गावाचे हिशेब तपासणे, टपाल सांभाळणे अशी कामे शिक्षकाला जोडून द्या, म्हणजे त्याचा मान आणि मिळकत दोन्ही वाढतील.

आज गंमत पहा. गावची कामे शिक्षकाला जोडून दिली खरी. मान आणि मिळकत मात्र त्या कामांबरोबर आली नाही.

आपल्या करवीरचीही गोष्ट आहे. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. १९१८ साली करवीर भागातल्या चिखली गावी त्याची सुरुवात झाली. जे आईबाप मुलाला शाळेत धाडणार नाहीत, त्यांना महिना एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळी एक रुपया म्हणजे थोडा नव्हे. मुले शाळेत आणायची सक्ती आईबापांवर होती. आज आईबाप आपण होऊन मुलाला पाठवतात. नातू रोज डोंगर उतरून शाळेत जातो. आज कायद्याने सरकारलाच सांगितले आहे, की मूल दारात आले आहे, शिक्षक द्या.

मग शिक्षक का मिळत नाही? शिकलेली माणसे नाहीत म्हणून? नाही. शिक्षकाची पदविका घेतलेली मुले-मुली घरोघर आहेत. कोणी दुकानात आहे, कोणी कारखान्यात आहे. २०१२ साली भरती थांबली. मधल्या काळात जुने शिक्षक ५८ वर्षे पुरी करून घरी जात राहिले. नवे येईनात. २०१७ साली 'पवित्र' नावाची संगणकावरची पद्धत आणली. परीक्षा घ्यायची, गुण लावायचे आणि गुणांप्रमाणे नेमायचे, म्हणजे मध्ये कोणाला चिरीमिरी नको. पद्धत चांगली आहे, पण चाल बैलगाडीची आहे. एक परीक्षा २०१७ च्या डिसेंबरात झाली, पुढची २०२३ मध्ये. मधल्या वर्षांत पहिलीत आलेले पोर प्राथमिक शाळा संपवून निघून गेले.

भोक बुजवायला २०२३ साली निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपयांवर बोलावायचे ठरले. २०२४ साली कमी मुलांच्या शाळेत एक शिक्षक कंत्राटी ठेवायचा, महिना १५,००० रुपयांवर, असा हुकूम निघाला. शिक्षकांनी विरोध केला. २०२५ साली तो हुकूम मागे घेतला. असे हुकूम निघतात आणि परत जातात. वाडीतली शाळा तोवर एकाच्याच खांद्यावर असते.

आता एक गोष्ट सांगतो, ती थोडी बोचेल. कळंबा शहराला लागून आहे. सकाळी रस्त्यावर उभे राहा. पिवळ्या गाड्या येतात आणि मुलांना भरून इंग्रजी शाळांत नेतात. कोणाला नावे ठेवत नाही. ज्याला जे बरे वाटते ते तो मुलासाठी करतो. पण सरकारी शाळेत शिक्षक किती द्यायचे, हे पटावर ठरते. पट म्हणजे शाळेत नाव घातलेल्या मुलांची संख्या. गाडीत बसून दहा मुले गेली, की पट दहाने उतरला. पट उतरला, की शिक्षकाची जागा जाऊ शकते. जागा गेली, की शिकवणे बिघडते. शिकवणे बिघडले, की आणखी दहा मुले गाडीत बसतात. मागे कोण उरते? ज्याच्या बापाला गाडीचे भाडे परवडत नाही तो. ऊसतोडीला आलेल्यांचा पोरगा. आजींचा नातू.

इथे आमचे शेतकरी दादा पुन्हा बोलले. "मास्तर गावात राहत न्हाईत, त्येचं काय?"

हेही खरे आहे. काही शिक्षक उशिरा येतात, लवकर जातात. त्यांना विचारलेच पाहिजे. पण विचारताना हेही पाहावे, की गावात राहायला खोली आहे का? बाई शिक्षिका असली तर शाळेत संडास आहे का, त्याला पाणी आहे का? गगनबावड्याच्या पावसात पाऊलवाट वाहून जाते, तेव्हा ती कशी येते? जो शिक्षक एकटाच चार वर्ग ओढतो आणि जो दांडी मारतो, त्या दोघांना एकाच काठीने हाणू नये.

इतके झाल्यावर आम्ही फळ्यावर तीन शब्द लिहिले.

मंजूर. कार्यरत. रिक्त.

मंजूर म्हणजे सरकारने या शाळेला जितक्या जागा दिल्या तितक्या. कार्यरत म्हणजे आज प्रत्यक्ष काम करणारे. रिक्त म्हणजे रिकाम्या जागा. मंजूरमधून कार्यरत वजा केले, की रिक्त उरते. वजाबाकी आपल्याला येते. शाळेत दरवर्षी एक कागद येतो, त्याला 'संचमान्यता' म्हणतात. त्यावर या जागा लिहिलेल्या असतात. तो कागद पाहायला मागता येतो.

मागायचा कोणी? प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याप्रमाणे तिच्यात चारांत तीन माणसे आईबापांपैकी असतात आणि निम्म्या बायका असतात. मुख्याध्यापक समितीचे सचिव असतात. पण बहुतेक ठिकाणी काय होते? वही घरी येते आणि सही करून परत जाते.

आजी एकदम म्हणाल्या, "आमची लेक हाय की त्या समितीत! घरला वही आली की अंगठा लावती. लिवलंय काय, कुणाला ठावं?"

रात्र बरीच झाली होती. आजींनी तीन शब्द वहीत उतरवून घेतले. रिक्त मधला 'क्त' त्यांनी चारदा खोडून लिहिला.

पंधरा दिवस आजी वर्गाला आल्या नाहीत. आल्या तेव्हा हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. लेकीकडे जाऊन आल्या होत्या. शाळेत जाऊन गुरुजींना भेटल्या. गुरुजी आधी दचकले. मग त्यांनीच कपाटातून कागद काढला आणि आजींपुढे ठेवला. बोट ठेवून आजींनी वाचले. मंजूर २. कार्यरत १. रिक्त १.

"गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं," आजी म्हणाल्या. "म्हणालं, आजी, मी तीन वर्षं लिवून धाडतोय. गावातनं कुणी पयल्यांदाच इचारलं."

मग समितीची बैठक भरली. अर्ज गुरुजींनी नाही लिहिला, नववीतल्या एका मुलीने लिहिला. तो पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाने होता. एक प्रत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांना. अर्जात तीनच गोष्टी होत्या. आमच्या शाळेत इतकी मुले आहेत. दोन जागा मंजूर आहेत, एक रिकामी आहे. ती केव्हा भरणार, ते लिहून कळवावे. शिव्या नाहीत, रडगाणे नाही. खाली समितीच्या सह्या. लेकीला अजून लिहिता येत नाही. तिने अंगठा लावला, पण लावायच्या आधी आईकडून अर्ज वाचून घेतला.

आजींनी पिशवीतून एक कागद काढून आमच्या हातात दिला. अर्जाची दुसरी प्रत होती. तिच्यावर कचेरीचा शिक्का, तारीख आणि सही होती. याला पोच म्हणतात. अर्ज दिला आणि पोच घेतली नाही, तर अर्ज दिलाच नाही असे समजतात. हे आम्ही सांगायचे विसरलो होतो. आजींना ते कचेरीच्या दारातल्या शिपायाने सांगितले.

"आता किती दिस वाट बगायची?" त्यांनी विचारले.

आम्ही म्हटले, "महिनाभर बघा. नाही आले उत्तर, तर पोचेवरची तारीख लिहून दुसरा अर्ज करा."

"मंग लेकीला आणतो हितं," आजी म्हणाल्या. "ऊस गेला की चार महिने माझ्याकडंच ऱ्हाईल. दुसऱ्या अर्जावर तिची सही पायजे."

त्यांनी पोच घडी घालून पिशवीत ठेवली, पिशवी मांडीखाली घेतली आणि वही उघडली.